आजीची बाहुली जमत नाहीये (१:१२ माप, बसलेली, नऊवारीतली)

ओटीवरची:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

गेले आठ महिने मी आजोळच्या घराचं माजघर करतेय. एक फुटाला एक इंच या मापाने. घर रत्नागिरीजवळ होतं. आता नाही, मामांनी जागा विकली आणि नव्या मालकाने चिरेसुद्धा उचलून नेले. माझ्याकडे त्या माजघराचे अडीच फोटो आहेत. अडीच अशासाठी की मावशीच्या साखरपुड्याच्या तिसऱ्या फोटोतली अर्धी खोली कुणाच्या तरी बोटाने खाल्लीय. खोली बारा बाय दहा फूट होती, म्हणून पेटी बारा बाय दहा इंच. गणित एवढंच सोपं निघालं, बाकी सगळं अवघड.

जमीन मात्र झकास झालीय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारीक लाकडी भुसा, फेविकॉल आणि कडक चहाचं पाणी कालवून थापलं आणि ओलं असतानाच जुन्या टूथब्रशने अर्धगोल ओढले. सारवणाचा हात फिरल्यासारखाच दिसतो. नवऱ्याने वास घेऊन पाहिला.

आता मुद्दा. मला त्यात आजी बसवायचीय. विळीच्या पाटावर, उजवा गुडघा वर, डावा पाय आडवा, समोर तांब्याचं ताट आणि फणसाची कुयरी. माझ्या आठवणीत आजी उभी अशी नाहीच.

पहिली बाहुली घरी केलेल्या कोल्ड पोर्सिलेनची केली: कॉर्नफ्लॉवर आणि फेविकॉल समसमान, वर लिंबाचे चार थेंब. जुलै महिना. वाळता वाळता आजी आक्रसली आणि आठव्या दिवशी तिच्या मानेवर हिरवी बुरशी. दुसऱ्यांदा पॉलिमर क्ले मागवली आणि ओटीजीत भाजली. बटण १३० वर होतं, तरी नाक आणि हनुवटी काळपट तपकिरी झाली. वास असा सुटला की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. तिसरं डोकं नीट भाजलं गेलं, पण भाचा म्हणाला, "हे आजोबा कोण?"

फोटो टाकलाय. नाकडोळे फोटोवरून मोजून केलेत, सुरकुत्या सुईने एकेक कोरल्यात. डोक्याची उंची २६ मिलिमीटर. आजी पाच फुटांची होती, म्हणजे बाहुली उभी असती तर पाच इंचांची.

दुसरं, लुगड्याचं. आजीच्या एका लुगड्याचा हातभर तुकडा माझ्याकडे आहे. हिरवा-काळा चौकडा, सुती, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. तेच नेसवायचंय. पण गुंडाळलं की आजी गाठोड्यासारखी दिसते आणि पदर खांद्यावरून हवेत उभा राहतो. परदेशी व्हिडिओंत बाहुलीचं डोकं, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय तेवढे मातीचे करतात, मधलं अंग तारेचं आणि कापडाचं. वर घोळदार झगा आला की सगळं झाकलं जातं. त्यांचं बरं आहे. आमच्या बायांच्या पोटऱ्या दिसतात त्याचं काय करायचं?

कुणी केलंय का असं काही?

टवाळ_कार्टं:

मॅडम, किल्ल्यावरच्या मावळ्याला कुणी माप विचारतं का? आमच्या किल्ल्यावर दरवर्षी मावळ्यापेक्षा मोठी गवळण आणि बुरुजापेक्षा उंच वाघ असतो. महाराजांनी कधी तक्रार केलेली नाही.

(आजोबा मात्र छान झालेत.)

पेणचा_कारखाना:

ताई, आमचा गणपतींचा कारखाना आहे, मीही शाडूतच वाढलो. बाहुल्या कधी केल्या नाहीत, पण चेहरा तो चेहराच. फोटो मोठा करून पाहिला. हात चांगला आहे तुमचा, माप चुकलंय.

२६ मिलिमीटर गुणिले बारा करा. ३१२. म्हणजे तुमच्या आजीचं डोकं एक फुटाहून मोठं. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत २१-२२ सेंटिमीटर भरतं, तुम्हाला हवं १८ मिलिमीटर. नवशिक्याचं डोकं नेहमीच मोठं होतं, कारण तेवढंच हातात घेऊन तो तासन् तास बसलेला असतो. आधी तारेचा सांगाडा करा, त्यावर डोक्याच्या जागी १८ मिलिमीटरची गोळी लावा आणि लांबून बघा. धड नसताना डोकं करायचं नाही.

सुरकुत्यांचंही तेच. तुम्ही सुईने अर्ध्या मिलिमीटरची रेघ कोरलीत, म्हणजे खऱ्या गालावर सहा मिलिमीटरची भेग. म्हातारी दिसत नाही, तडा गेलेली भिंत दिसते. कोरायचं नाही. भाजून झाल्यावर तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून चेहऱ्यावर सोडा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. खाचेत राहील तेवढाच रंग पुरतो. म्हातारपण सुरकुत्यांनी येत नाही, हाडांनी येतं: कानशिलं आत, गालाच्या हाडाखाली खळगा. आणि एक विचारतो, रागावू नका. आजीला दात होते का? नसतील तर नाक आणि हनुवटीमधलं अंतर कमी करा आणि ओठ आत ओढून घ्या. तुमच्या बाहुलीचा जबडा दातवाल्या माणसाचा झालाय, म्हणून भाच्याला आजोबा दिसले.

डोळ्यांचं. आमच्याकडे आखणी सर्वांत शेवटी. पोराला आधी पितांबर रंगवायला देतात, मग सोंड, दागिने. डोळ्याला हात लावायला वर्षं जातात. पण तुमची आजी विळीवर बसलीय ना? मग ती खाली बघतेय. खाली बघणाऱ्या माणसाचं बुबुळ दिसतच नाही, दिसते ती पापणी आणि तिच्या कडेची एक काळी रेघ. पापणीचा फुगवटा करा, खालच्या कडेला गडद तपकिरी रेघ द्या (काळी नको, काजळ वाटेल) आणि थांबा. दोन्ही डोळे एकत्र पुढे न्यायचे: डाव्याची एक रेघ, मग उजव्याची एक रेघ. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे गेलात की दुसरा कायम वेगळा होतो. मधूनमधून मोबाइलने फोटो काढून तो उलटा करून बघा, तिरळेपणा लगेच कळतो.

भाजण्याचं मला फार कळत नाही, आमची माती उन्हाची.

सुईदोरा:

भाजण्याचं मी सांगते. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो आत ठेवा. माझ्या ओटीजीत १३० लावलं की काटा १६० ला जाऊन परत येतो. पाकिटावर ११० असेल तर ११०, १३० असेल तर १३०, आणि अर्धा तास पूर्ण. कमी भाजलेली माती चिवट होत नाही, बोट मोडतंच. नाक आणि बोटं आधी तापतात म्हणून डोक्यावर फॉइलचा सैल तंबू करायचा, वरच्या सळीपासून लांब ठेवायचं. आणि वहिनी आल्या तसा वास पुन्हा आला तर ओटीजी बंद, खिडक्या उघड्या, तुम्ही बाहेर. ती माती म्हणजे पीव्हीसी असते, जळली की धूर वाईट. केकचा ओटीजी वेगळा ठेवता आला तर उत्तम.

आता लुगडं. मी इचलकरंजीची, घरात माग होते, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार आहे.

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. तुमच्या मापात सत्तावीस इंच, पन्हा साधारण चार इंच. हिशोब बरोबर येतो पण नेसवता येत नाही, कारण कापड बारा पट लहान झालं तरी सूत तेवढंच जाड राहतं. चार घड्या घातल्या की बाहुलीच्या कमरेला खऱ्या मापाची गादी बांधल्यासारखं होतं. आणि एवढ्याशा कापडाला वजन नसतं, म्हणून पदर पडत नाही, उभा राहतो. तेव्हा नेसवायचं नाही. दिसतं तेवढंच चिकटवायचं.

तुमची आजी बसलेली आहे हे तुमचं नशीब. मागचा कासोटा तिच्या अंगाखाली, दिसणार फक्त कमरेत खोचलेलं टोक. तेव्हा असं करा. कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत प्रत्येक पायाला वेगळी पट्टी गुंडाळा, विजारीसारखी, एकाच थराची. शिवण मांडीच्या आतल्या बाजूला. मग पुढच्या निऱ्या वेगळ्या: चार इंच लांब पट्टी बटर पेपरवर ठेवून, विणायच्या बारीक सुया खालीवर लावून चुण्या पाडा, फेविकॉलचं पाणी (एकाला चार) हलकेच लावा, वाळू द्या. वाळल्या की सुया काढा, वरचं टोक दाबून कमरेत चिकटवा. वर गेलेल्या गुडघ्यावर कापड ताणलेलं आणि दोन पायांच्या मध्ये झोळ पडलेला, हे जमलं की बाई बसली. पदर शेवटी: त्याच पाण्यात बुडवून पिळायचा, खांद्यावरून घेऊन कमरेत खोचायचा आणि थर्माकोलवर टाचण्या लावून रात्रभर ठेवायचा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, नाहीतर गंज उतरतो. हे माझ्या गौरीच्या धाकट्या बाहुलीच्या पदरावरून सांगतेय.

पोटऱ्या आणि पावलं मातीचीच करा, गुडघ्याच्या वरपर्यंत. पाऊल १९ मिलिमीटर. टाच थोडी रुंद, बोटं पसरलेली. जन्मभर अनवाणी वावरलेल्या बाईचं पाऊल चपलेच्या आकाराचं नसतं.

कापड शंभर काउंटचं (म्हणजे खूप बारीक सुताचं) मलमल घ्या किंवा अस्तराचं पातळ रेशीम. आणि आता वाईट बातमी. आजीच्या लुगड्याचा तुकडा वापरू नका. तुमच्या फोटोत चौकडा अंगठ्याएवढा दिसतोय, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर. बाहुलीच्या अंगावर तो वीतभर मोठा चौकोन होईल, बुद्धिबळाचा पट नेसल्यासारखी. चौकडा दीड मिलिमीटरचा हवा. तो मलमलीवर रंगवावा लागेल, ०००० नंबरच्या ब्रशने, नेसवायच्या आधी, सपाट असताना. काठ सहा मिलिमीटर.

दागिन्यांचंही असंच फसतं, म्हणून आधीच सांगते. बाजारातला सगळ्यात बारीक मणी दीड मिलिमीटरचा. बारा पट केलात तर तो सुपारीएवढा. तेव्हा मंगळसूत्र म्हणजे शिवायचा काळा दोरा, नुसता. बांगडी पाच मिलिमीटरची: मोटर वाइंडिंगची बारीक तार तेवढ्याच जाडीच्या काडीवर गुंडाळून कापा, हिरवा रंग द्या. कुंकू टाचणीच्या डोक्याने.

मिशिगन_अ‍ॅव्हेन्यू:

धागा वाचून राहवलं नाही. मी शिकागोत राहते. इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या तळमजल्याखाली थॉर्न रूम्स आहेत. मिसेस जेम्स वॉर्ड थॉर्न यांनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून करवून घेतलेल्या ६८ खोल्या, तुमच्याच मापाच्या, एक फुटाला एक इंच. युरोपातली तेराव्या शतकापासूनची दालनं आहेत, अमेरिकन स्वयंपाकघरं आहेत. काचेला नाक लावून बघायचं. खिडकीतून ऊन येतं, अर्धवट उघड्या दारातून पलीकडची बाग दिसते. आणि त्या खोल्यांत माणसं नाहीत.

पहिल्यांदा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. घरचं माणूस आत्ताच उठून मागच्या दाराने गेलंय, येईल एवढ्यात, असंच वाटत राहतं. बाहुली ठेवली असती तर मी बाहुली बघितली असती आणि खोली खोटी झाली असती.

म्हणून सुचवते, आजी करूच नका. विळी ठेवा, अर्धी चिरलेली कुयरी ठेवा, विळीच्या पाटावर तिचा चष्मा घडी घालून ठेवा. २८ गेजची तार पेनाच्या रिफिलच्या टोकावर वळवली की चष्मा होतो. तीन-तीन डोकी भाजण्यापेक्षा सोपं आहे आणि जास्त परिणामकारक, असं माझं प्रामाणिक मत.

टवाळ_कार्टं:

चष्मा काढून फणसाची कुयरी चिरणारी आजी? बोटं शाबूत होती ना?

मिशिगन_अ‍ॅव्हेन्यू:

:-) बरं, चष्मा नको. पानसुपारीची चंची ठेवा.

ओटीवरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गायब होते, कारण करत बसले होते.

मिशिगनताई, तुमचं म्हणणं पटलं. एक दिवस आजीशिवाय माजघर मांडून बघितलंही: विळी, ताट, चंची. सुंदर दिसत होतं. पण मला नाही जमलं. घर विकायच्या आदल्या दिवशी मी आणि मामी किल्ल्या द्यायला गेलो होतो, तेव्हा रिकामं माजघर मी बघितलंय. तेच परत हॉलमध्ये मांडून ठेवायचं नाहीये.

पेणकर काका, आजीला दात नव्हते. कवळी होती, ती फडताळात असायची. तुम्ही विचारलंत तेव्हा हसू आलं आणि मग रात्री नवं डोकं घडवायला बसले, हनुवटी दीड मिलिमीटर वर सरकवली. दीडच. काय सांगू, एकदम आजीच्या बहिणीसारखी दिसायला लागली! म्हणजे गल्ली बरोबर सापडली. मग तुम्ही म्हणालात तसं आधी तारेचं अंग केलं. सुतळीएवढ्या तारेला पीळ घालून कणा, आणि बसवताना एक गोष्ट कळली जी कुठल्याच फोटोत नाही. विळीवर बसलेली बाई सरळ बसत नाही. पाट पायाने दाबून धरायचा असतो, म्हणून सगळा भार एका कुल्ल्यावर आणि खांदा विरुद्ध बाजूला उतरलेला. मी स्वतः विळी काढली, बसले, नवऱ्याला मागून फोटो काढायला लावला. पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी शिव्या दिल्या. पण कणा तसा वाकवला, १८ मिलिमीटरची नुसती गोळी वर टोचली, नाक नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. संध्याकाळी भाचा आला, दारातूनच म्हणाला, "आजी झाली?"

डोळे काकांनी सांगितले तसेच, दोन पापण्या आणि दोन रेघा. केसांना पांढऱ्या रेशमी भरतकामाच्या दोऱ्याचे पदर उलगडून विंचरले, अंबाडा साबुदाण्याएवढा.

सुईदोराताई, लुगड्याचं ऐकून मी दोन दिवस तुमच्यावर रुसले होते. मग मोजलं. चौकडा १८ मिलिमीटर, म्हणजे बाहुलीच्या डोक्याएवढा एक चौकोन. मुकाट्याने मलमल आणलं. रंगवायला सहा रात्री गेल्या, दोनदा रेघा तिरक्या गेल्या. निऱ्या छान पडल्यात, पदर अजून टाचण्यांवर आहे.

सुईदोरा:

रुसा, पण लुगड्याचा तुकडा टाकू नका. तारेवर भरीला काय गुंडाळलंत? अजून कापूसच असेल तर काढा आणि तोच तुकडा अर्ध्या इंचाच्या पट्ट्या फाडून (कापू नका, फाडा, कड पातळ राहते) मांड्यांना आणि पाठीला गुंडाळा. जुनं सुती कापड फेविकॉल उत्तम धरतं आणि आकार देता येतो, कापूस नुसता फुगतो.

ओटीवरची:

पाय आधीच चिकटवलेत, तिथे आता हात घालत नाही. पण पाठ, पोट आणि दंड मोकळे होते. चोळी घालायच्या आधी काल रात्री गुंडाळलं. फाडताना आवाज आला तेव्हा जरा थांबले होते, मग फाडलं. तीन पट्ट्या लागल्या, उरलेला तुकडा परत ट्रंकेत.

आता शेवटचं विचारते. विळीचा पाट ३५ मिलिमीटरचा सागवानी झालाय, पण पातं जमत नाही. दाढीच्या ब्लेडचा तुकडा वळत नाही, मोडतो, आणि अंगठा कापून घेतलाय तो वेगळाच. शिवाय टोकाला नारळ खवायची खवणी हवी. चार मिलिमीटरची दातेरी चकती कुठून आणू?

टवाळ_कार्टं:

पात्याला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या, साध्या कात्रीने कापतो, पेन्सिलवर दाबला की बाक येतो. कडेला पॉलिश पेपर मारा, धार लावल्यासारखी चमकेल.

आणि खवणीला जुन्या मनगटी घड्याळाचं चाक. आमच्या बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, डबाभर चाकं पडलीत घरी. चार मिलिमीटरचं सहज निघेल. पत्ता निरोपात पाठवा, दोन-तीन धाडतो. एखादं हरवेल तुमच्याकडून, चिमट्यातून उडतात ती.